एनडब्ल्यूए १६७८८: मंगळावरून आलेला सगळ्यात मोठा दगड आणि त्याची अर्धवट नोंद

१६ जुलै २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजच्या लिलावात मंगळावरून आलेला एक दगड विकला गेला, त्याचं नाव एनडब्ल्यूए १६७८८. बोली थांबली ४३ लाख डॉलरवर, वरची फी धरून आकडा झाला सुमारे ५३ लाख डॉलर, आपल्याकडचे साधारण ४५ कोटी रुपये. अंदाज २० ते ४० लाखांचा होता, घेणाऱ्याचं नाव जाहीर झालं नाही. वजन २४.६७ किलो, लांबी साधारण सदतीस सेंटीमीटर, रंग लालसर तपकिरी. पृथ्वीवर सापडलेला मंगळाचा हा सगळ्यात मोठा तुकडा. याच्या आधीचा मोठा म्हणजे २०२१ मध्ये मालीत सापडलेला ताउदेनी ००२, तो साडेचौदा किलोचा, आणि आता अमेरिकेत मेन राज्यातल्या एका म्युझियममध्ये आहे. म्हणजे हा त्याच्या जवळपास पावणेदोन पट झाला. सदबीजच्याच सांगण्यानुसार आजवर मान्यता मिळालेल्या ७७ हजारांहून जास्त अशनींपैकी, म्हणजे आकाशातून पृथ्वीवर पडलेल्या दगडांपैकी, मंगळावरचे फक्त ४०० च्या आसपास आहेत, तेव्हा किंमत का चढली ते समजतं.

लिलावाची बातमी आली तेव्हा सगळे किमतीवर बोलत होते, आणि त्याच लिलावात डायनासोरच्या एका पिल्लाचा सांगाडा तीन कोटी डॉलरच्या वर गेला म्हणून अर्धी चर्चा तिकडेच गेली. खरं प्रकरण त्यानंतरच्या दिवसांत सुरू झालं, कारण दगड जिथे सापडला त्या नायजर देशाच्या सरकारने सांगितलं की आम्ही चौकशी लावतोय, हा दगड देशाबाहेर गेलाच कसा, यात बेकायदा आंतरराष्ट्रीय तस्करीची सगळी लक्षणं दिसतायत. सदबीजने सांगितलं की दगड नायजरमधून योग्य त्या आंतरराष्ट्रीय प्रक्रियेनुसारच बाहेर आला आणि प्रत्येक टप्प्यावरचे कागद नीट होते.

हे प्रकरण मी इतकं खोलात जाऊन लिहितोय कारण अशनी गोळा करणाऱ्या प्रत्येकाने, अगदी दहा ग्रॅमचा तुकडा घेणाऱ्यानेही, ते एकदा पूर्ण वाचावं असं मला मनापासून वाटतं. यातली मुख्य गोष्ट अशी की दगड कुठल्या ग्रहावरून आला हे दगड स्वतः सांगतो, लॅबमध्ये नेलं की सांगतो, पण पृथ्वीवर तो कुठे पडला किंवा कुठे सापडला हे दगडात कुठेही लिहिलेलं नसतं. ते फक्त उचलणाऱ्या माणसाने लिहून ठेवलं तरच राहतं. आणि कायदा, मालकी, परवाना, हे सगळं त्या दुसऱ्या गोष्टीवर उभं असतं.

आधी पहिल्या भागाबद्दल, म्हणजे मंगळ. लोक विचारतात मंगळावर कोणी गेलं नाही, तिथून दगड आणला नाही, मग कळतं कसं. त्याची गोष्ट अंटार्क्टिकापासून सुरू होते. १९७९-८० च्या मोसमात तिथल्या एलिफंट मोरेन भागात एक अशनी सापडला, ईईटीए ७९००१, त्याच्या आत धक्क्याने वितळून झालेल्या काचेत वायू अडकलेला होता. १९८३ मध्ये बोगार्ड आणि जॉन्सन या शास्त्रज्ञांनी तो वायू मोजला आणि ते प्रमाण व्हायकिंग यानांनी १९७६ मध्ये मंगळावर उतरून तिथल्या हवेचं जे मोजमाप केलं होतं त्याच्याशी जुळलं. तिथून हा सगळा गट मंगळाचा म्हणून पक्का झाला. आता प्रत्येक दगडात वायू शोधत बसावं लागत नाही, ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण, ऑलिव्हिन आणि पायरॉक्सीन या खनिजांमधलं लोखंड आणि मँगनीजचं प्रमाण, एकूण खनिजांची घडण, यावरून ओळख पटते. आपल्या या दगडाचाही छोटा तुकडा काढून लॅबला पाठवला, तिथे तो मंगळाचा ठरला, प्रकार निघाला ऑलिव्हिन मायक्रोगॅब्रोइक शेरगोटाइट (मंगळाचे बहुतेक अशनी शेरगोटाइट गटातच मोडतात). यात २१ टक्क्यांच्या आसपास मॅस्केलिनाइट आहे. मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार खनिजाला एवढा जबरदस्त दणका बसतो की त्याची स्फटिकाची रचना मोडून काचेसारखी होते. मंगळावर मोठा लघुग्रह आदळला, त्या दणक्यात हा तुकडा उडून थेट अंतराळात गेला, त्या दणक्याची खूण अजून त्याच्या अंगावर आहे. (आपल्या लोणारच्या विवरातल्या बेसॉल्टमध्येही मॅस्केलिनाइट सापडतं, तेही अशाच आघातातून.) पृथ्वीवर आल्यानंतर तो फारसा झिजलेला नाही, म्हणजे पडून फार काळ झालेला नसावा, एवढंही दगडावरून कळतं.

पण इथे दगडाचं बोलणं संपतं. वाळवंटात पडला हे कळेल, कुठल्या देशाच्या वाळवंटात ते नाही कळणार. सहारा अकराएक देशांत पसरलेला आहे आणि सीमेच्या अलीकडची वाळू आणि पलीकडची वाळू यात दगडाच्या अंगावर काही फरक पडत नाही.

आता दुसरा भाग, कागदावर काय आहे. इटलीत या दगडावर जो शास्त्रीय लेख आला त्यात असं आहे की तो १६ नोव्हेंबर २०२३ ला सहारात, नायजरच्या अगाडेझ प्रांतात, चिर्फा नावाच्या ओॲसिसच्या पश्चिमेला ९० किलोमीटरवर सापडला. सापडवणारा एक अशनी शोधणारा माणूस, त्याचं नाव दिलेलं नाही. तिथल्या स्थानिक लोकांकडून तो एका आंतरराष्ट्रीय डीलरकडे गेला, तिथून इटलीत अरेझ्झो गावातल्या एका खाजगी गॅलरीकडे. मग फ्लोरेन्स विद्यापीठात खनिजशास्त्राचे प्राध्यापक जिओव्हानी प्राटेसी यांच्या टीमने तो तपासला, २०२४ मध्ये तो इटलीत लोकांना बघायला ठेवला, रोममध्ये इटालियन स्पेस एजन्सीतही ठेवला होता, आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्क. दोन चकत्या पुढच्या अभ्यासासाठी इटलीतच राहिल्या.

ही साखळी नीट बघा. रोमपासून पुढचं सगळं तारीखवार आहे, फोटो आहेत, संस्था आहेत, नावं आहेत. अरेझ्झोच्या अलीकडे जसजसं मागे जाल तसतसं पातळ होत जातं. डीलर कोण, स्थानिक लोक म्हणजे नेमके कोण, कुठल्या गावात सौदा झाला, देशाबाहेर कुठल्या रस्त्याने किंवा विमानतळावरून गेला, परवान्यावर कुठल्या खात्याचा शिक्का, यातलं काहीही लोकांसमोर ठेवलेलं नाही. सदबीज म्हणते कागद नीट आहेत, असतीलही, पण जाहीर वादात कागद दाखवला जात नाही तोवर दुसऱ्या बाजूला विश्वास ठेवायला आधार काय? आणि यात एक गोष्ट लक्षात घ्या, नायजरमध्ये २६ जुलै २०२३ ला लष्कराने सत्ता घेतली होती. त्यानंतर चार महिन्यांच्या आत हा दगड सापडला. अगाडेझ प्रांत हा देशाच्या उत्तरेचा प्रचंड मोठा, बहुतेक वाळवंटी भाग. अशा वेळी तिथून कोण काय उचलून नेतंय यावर लक्ष ठेवणारं कोणी असेल ही अपेक्षा करणंच कठीण.

मग नाव. एनडब्ल्यूए म्हणजे नॉर्थवेस्ट आफ्रिका. अशनीला नाव कसं द्यायचं हे मेटिओरिटिकल सोसायटीची नामकरण समिती ठरवते, साधारण नियम असा की जिथे पडला किंवा सापडला तिथल्या जवळच्या गावाचं, डोंगराचं, ठिकाणाचं नाव. वाळवंटात किंवा बर्फावर एकाच भागात शेकडो सापडतात तेव्हा त्या भागाचं नाव आणि पुढे क्रमांक, जसं ओमानमधलं धोफार, अंटार्क्टिकातलं ॲलन हिल्स. पण १९९० च्या दशकाच्या शेवटी सहारातून दगडांचा जो पूर सुरू झाला, भटके लोक उंटांवरून नाहीतर जुन्या गाड्यांतून फिरून दगड वेचायचे आणि ते हातोहात मोरोक्कोतल्या एर्फूदसारख्या बाजारात यायचे, तेव्हा विकणाऱ्यालाच माहीत नसायचं की हा अल्जीरियातला की मालीतला की मॉरिटानियातला. अशा, जागा पक्की नसलेल्या दगडांसाठी एनडब्ल्यूए हे सरसकट नाव काढलं. सोय म्हणून काढलं आणि त्या काळात ती गरजच होती, नाहीतर विज्ञानाला ते दगड वापरताच आले नसते. चंद्राचे, मंगळाचे, आधी कधी न पाहिलेल्या प्रकारांचे कितीतरी दगड या नावाखाली अभ्यासले गेले. पण क्रमांक आता १६ हजारांच्या पुढे गेलाय, आणि त्यातल्या बहुतेकांचा देश कायमचा पुसला गेलाय.

आपल्या या दगडाचं विशेष हे की त्याच्या नावात एनडब्ल्यूए आहे आणि तरीही शास्त्रीय लेखात नायजर, अगाडेझ, चिर्फा, ९० किलोमीटर पश्चिम असं सगळं आलंय. म्हणजे नाव एक सांगतं, लेख दुसरं सांगतो. मालीतल्या ताउदेनी ००२ च्या नावातच त्याची जागा आहे, याच्या नावात नाही. म्युझियमच्या पाटीवर, विक्रीच्या कार्डावर, पुढे कोणी चकती घेईल तिच्या डबीवर फक्त नाव जातं, लेख जात नाही. पन्नास वर्षांनी ती डबी कोणाच्या तरी नातवाच्या हातात येईल तेव्हा त्याला नायजर हा शब्द कुठेही दिसणार नाही.

नायजरचं कायद्याचं म्हणणं कितपत भक्कम आहे? १९९७ मध्ये त्यांनी राष्ट्रीय वारशाच्या रक्षणाचा कायदा केला. त्यात वारसा म्हणजे काय याची मोठी यादी आहे, कलाकृती, वास्तू, उत्खननात मिळालेल्या वस्तू आणि त्यात खनिजांचे नमुनेही आहेत. अशनी हा शब्द मात्र वेगळा लिहिलेला नाही. शिकागो विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ पॉल सेरेनो, जे नायजरमध्ये कित्येक वर्षं डायनासोरचं काम करतायत आणि तिथल्या वारशासाठी संस्था चालवतात, त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे, देशाच्या वारशाची गोष्ट अशी उचलून नेता येत नाही, हा दगड परत गेला पाहिजे. त्याशिवाय युनेस्कोचा १९७० चा करार आहे, सांस्कृतिक मालमत्तेच्या बेकायदा निर्यातीविरुद्धचा, त्याच्या पहिल्याच कलमात प्राणी, वनस्पती, खनिजं यांचे दुर्मिळ संग्रह आणि नमुने येतात. नायजरही त्यात आहे, अमेरिकाही १९८३ पासून आहे. दुसऱ्या बाजूने व्यापारी म्हणतात की अशनी हा आकाशातून पडलेला दगड, त्याला कोणाची संस्कृती चिकटलेली नाही, ज्या देशाने कायद्यात त्याचं नाव घेतलं नाही तिथे तो उचलणाऱ्याचा, आणि त्या गरीब वाळवंटी माणसाला पैसे मिळाले म्हणूनच तो वितळवणाऱ्या उन्हात वर्षानुवर्षं फिरून हे दगड शोधतो, नाहीतर ते वाळूत झिजून संपले असते.

मला हे दुसरं म्हणणं अर्धं पटतं. सहारातल्या शोधणाऱ्यांशिवाय गेल्या पंचवीस वर्षांतलं अशनींचं विज्ञान निम्मंसुद्धा झालं नसतं, हे कोणीही प्रामाणिक माणूस मान्य करेल. पण त्यातून जागा लपवायचा हक्क निघत नाही. आणि संस्कृती चिकटली नाही हे तर मला अजिबात पटत नाही, मंगळाचा सगळ्यात मोठा तुकडा ज्या देशाच्या जमिनीवर उतरला त्या देशातल्या एकाही शाळकरी मुलाला तो बघायला मिळाला नाही, रोममधल्या आणि न्यूयॉर्कमधल्या लोकांना मिळाला, यात काहीतरी चुकलंय हे सांगायला कुठलं कलम लागत नाही.

नायजरच्या सरकारने पुढे जे केलं ते थोडं घाईचं होतं असं माझं मत. राष्ट्राध्यक्ष जनरल तियानी यांनी मौल्यवान खडे, कमी मौल्यवान खडे आणि अशनी या सगळ्यांची निर्यात पुढचा आदेश येईपर्यंत थांबवली, कारण दिलं की माल कुठून येतो याचा माग ठेवता यावा. हेतू बरोबर आहे, पण नुसती बंदी आली की शोधणारा थांबत नाही, तो जागा सांगणं थांबवतो. दगड सीमेपलीकडे जातो आणि तिथे पुन्हा एनडब्ल्यूए होऊन बाहेर येतो. बंदीसोबत नोंदणीची सोय लागते, म्हणजे माणसाने दगड आणावा, जागा सांगावी, फोटो द्यावा, आणि त्याला कागदही मिळावा आणि पैसेही.

शोधणारे जागा का लपवतात हेही समजून घ्यायला हवं, सगळेच काही चोर नसतात. एका जागी चांगला दगड मिळाला म्हणजे आसपास त्याचे आणखी तुकडे असण्याची शक्यता खूप, कारण अशनी हवेत फुटतो आणि लांबट पट्ट्यात विखुरतो. जागा सांगितली की दुसऱ्या आठवड्यात तिथे वीस गाड्या. म्हणून तो गप्प बसतो, डीलरही गप्प बसतो. त्याचा परिणाम विज्ञानावर असा होतो की एकाच दगडाचे तुकडे वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या डीलरकडून येतात आणि प्रत्येकाला वेगळा क्रमांक मिळतो. ब्लॅक ब्युटी म्हणून प्रसिद्ध असलेला मंगळाचा काळा दगड एनडब्ल्यूए ७०३४, त्याचेच भाऊ एनडब्ल्यूए ७५३३ आणि एनडब्ल्यूए ७४७५, असे अजूनही आहेत. नंतर लॅबमध्ये बसून ठरवावं लागतं की हे सगळे एकच, जे जागेवरचा एक साधा नकाशा असता तर पहिल्या दिवशी कळलं असतं.

मोरोक्कोतला तिस्सिंत हा मला यातला मधला मार्ग वाटतो. १८ जुलै २०११ च्या पहाटे आगीचा गोळा दिसला, आवाज झाले, ऑक्टोबरात भटक्या लोकांना काळ्या चकचकीत कवचाचे ताजे तुकडे मिळाले, निघाला मंगळाचा. त्याचंही बरंचसं विकलं गेलं, लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमकडे १.१ किलोचा तुकडा गेला. पण मोरोक्कोच्या प्राध्यापक हस्ना शन्नावी आऊजहान यांनी तिथे जाऊन ज्यांनी गोळा पाहिला त्यांना विचारलं, कुठे काय सापडलं ते लिहून घेतलं, त्यामुळे त्याचं नाव तिस्सिंत झालं. तुकडे जगभर गेले तरी त्या प्रत्येकावर मोरोक्कोचं गाव आहे. आपल्या देशातले अशनी देशात राहावेत म्हणून त्या कित्येक वर्षं झगडतायत.

आपल्याकडे याचा इतिहास बराच चांगला आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. २५ ऑगस्ट १८६५ ला बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला एक अशनी पडला, साधारण पाच किलोचा. दिवस आणि गाव दोन्ही लिहिलं गेलं. राज्य इंग्रजांचं, तुकडे लंडनला, व्हिएन्नाला गेले, व्हिएन्नात खनिजशास्त्रज्ञ चेर्माक यांनी १८७२ मध्ये त्यातच मॅस्केलिनाइट हे खनिज पहिल्यांदा ओळखलं. मुख्य तुकडा आजही कोलकात्यात जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाकडे आहे. आणि मंगळाचे बहुतेक अशनी ज्या गटात मोडतात तो शेरगोटाइट गट याच दगडावरून आला. नायजरचा दगडही शेरगोटाइटच, म्हणजे त्याच्या वर्णनात बिहारमधलं गाव आहे, चिर्फा नाही. दीडशे वर्षांपूर्वी, तार आणि टपालाच्या काळात, जे झालं ते २०२३ मध्ये हातातल्या फोनमध्ये जीपीएस असताना झालं नाही.

महाराष्ट्रातलं जवळचं उदाहरण म्हणजे काटोल. २२ मे २०१२, दुपारी दोनच्या सुमारास, नागपूर जिल्ह्यात काटोल आणि आसपास लोकांनी मोठे आवाज ऐकले, दगड पडले. नागपूरचे जिऑलॉजिकल सर्व्हेचे लोक तिथे गेले, तीसेक तुकडे जमा केले, एकूण वजन तेराएक किलो, प्रकार एल ६ कॉन्ड्राइट, साधाच म्हणावा असा. पण २०२१ मध्ये त्याच काटोलच्या तुकड्यात ब्रिजमनाइट मिळाल्याचं संशोधन आलं, जे खनिज पृथ्वीच्या पोटात खालच्या प्रावरणात सगळ्यात जास्त आहे आणि वर कुठेच हाताला लागत नाही. आता जगात कुठल्याही संशोधकाला ते पडताळायचं असेल तर काटोल म्हटलं की तारीख, गाव, अक्षांश, रेखांश, नमुना कोणाकडे, सगळं मिळतं. एका साध्या दगडाची एवढी नीट नोंद आणि मंगळाच्या सगळ्यात मोठ्या दगडाची इतकी पातळ, हे शेजारी शेजारी ठेवून बघा.

नायजरच्या त्या दिवशी काय करायला हवं होतं? फार नाही. दगड हलवायच्या आधी तो पडलेला असतानाचा फोटो, शेजारी पट्टी किंवा निदान पेन, आणि एक फोटो लांबून, मागे काही टेकडी, खडक, गाडीच्या चाकाच्या खुणा दिसतील असा. जीपीएसचा आकडा स्क्रीनसकट. तारीख, वेळ, उचलणाऱ्याचं नाव, हवं तर बंद पाकिटात, पण कुठेतरी. कापण्याआधीचं वजन. अंटार्क्टिकात १९७६ पासून अमेरिकन टीम हेच करतात, प्रत्येक दगडाला जागेवरच क्रमांक, फोटो, निर्जंतुक पिशवी, गोठलेल्या अवस्थेत नासाच्या ह्यूस्टनमधल्या लॅबला, म्हणूनच तिथल्या दगडाचं मूळ ठिकाण चाळीस वर्षांनीही सापडतं. त्यानंतर प्रत्येक हात बदलताना एक ओळ, कोणी कोणाला कधी दिला, कुठल्या गावात. सीमा ओलांडताना परवान्याची प्रत. आणि नाव मागताना समितीला हे सगळं एकत्र. शोधणाऱ्याला जागा लगेच उघड करायची भीती असेल तर अक्षांश रेखांश सुरुवातीला संस्थेकडे बंद ठेवता येतात, काही वर्षांनी खुले करता येतात, पण ते असायला तर हवेत. समिती आज नमुना मागते, वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम यातलं जे कमी असेल तेवढा भाग एखाद्या मान्य संस्थेत कायमचा ठेवावा लागतो, त्याशिवाय नाव नाही. माझं मत असं की नमुन्याइतकीच सक्ती देशाबाहेर जाण्याच्या कागदाचीही असावी, निदान चंद्र आणि मंगळाच्या दगडांना, कारण मान्यता मिळाल्याशिवाय त्यांना किंमतच येत नाही आणि तो दरवाजा विज्ञानाच्याच हातात आहे.

आपल्यातले जे छोटे छोटे तुकडे घेतात, पुण्या-मुंबईत, नाशकात, बाहेर अमेरिकेत राहणारेही, त्यांच्यासाठी यातून निघणारं काम अगदी हातातलं आहे. तुकडा आला की त्याच्याबरोबरचं जुनं कार्ड, चिठ्ठी, पाकीट, कितीही मळलेलं असो, फेकू नका. दगडावर कोणी आधी नंबर रंगवला असेल तर तो घासून काढू नका, तो कुठल्यातरी जुन्या रजिस्टरशी जोडलेला असतो. कोणाकडून, कधी, किती ग्रॅम, हे वहीत आणि कॉम्प्युटरमध्ये दोन्हीकडे ठेवा, बिलाचा फोटो काढा, आणि तुकडा कापून अर्धा कोणाला दिलात तर दोन्ही वजनं लिहा. विकणाऱ्याला देश विचारा. बहुतेक वेळा उत्तर येतं की मोरोक्कोतून घेतला, ते उत्तर नाही, कुठे विकत घेतला ते सांगितलं, कुठे सापडला ते नाही, मग पुन्हा विचारा. आणि भारतात कुठे काही पडलं, शेतात सापडलं, तर आधी जिऑलॉजिकल सर्व्हेला कळवा, आपल्या देशाचा अशनींचा संग्रह त्यांच्याकडे आहे. गावात लोक दगडाचे तुकडे करून वाटून घेतात, देवापाशी ठेवतात, ते होतंच, पण कुठल्या वावरात कितीसा खड्डा पडला होता एवढं तरी त्याच संध्याकाळी कोणीतरी लिहून घ्यावं.

नायजरकडे परत येतो. त्या देशाला आज प्रश्न विचारता आला तो कशामुळे? दगडाच्या नावामुळे नाही. इटलीतल्या लेखात कोणीतरी चिर्फाच्या पश्चिमेला ९० किलोमीटर असं लिहिलं म्हणून, आणि सदबीजच्या माहितीतही अगाडेझचा उल्लेख आला म्हणून. ती ओळ गाळली असती आणि फक्त एनडब्ल्यूए १६७८८ एवढंच राहिलं असतं तर सहारातल्या कुठल्याही सरकारला, नायजरला, अल्जीरियाला, लिबियाला, चाडला, हा आपला असेल असं म्हणायलाही जागा नव्हती. त्याच क्रमांकाच्या मागेपुढे हजारो दगड आहेत ज्यांच्याबद्दल अशी एक ओळही नाही, त्यातले काही याच अगाडेझमधून उचललेले असतील. मंगळाच्या या दगडाची चौकशी कुठेही पोचो, नायजरचा दावा त्या ९० किलोमीटरच्या ओळीवरच उभा राहणार आहे. तिला जोड म्हणून सापडवणाऱ्याची साक्ष आणि निर्यातीचा मूळ कागद हे दोन्ही बाहेर आले तर सदबीजचं म्हणणं खरं की नायजरचं ते एका दिवसात ठरेल.